हिरवी टिक आणि मार्चचा डेटा

कोल्हापुरात लहान ऑफिसं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने), दोन-तीन दवाखाने यांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो. आम्ही तिघंच. मी, एक फिरता इंजिनिअर आणि फोन-बिलं सांभाळणारी ताई. हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स नुकता संपवलेलं एखादं पोरगं अधूनमधून भेटायला येतं आणि विचारतं, "सर, या लाइनीत आता काय चालतंय? क्लाउड करू, सायबर सिक्युरिटी करू का एआय?" मी उलट विचारतो, "शेवटचा बॅकअप रिस्टोअर करून कधी बघितलास?" पोरगं हसतं. २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत मीही हसलो असतो.

त्या वर्षी १ एप्रिलपासून कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला. कुणी कधी कोणती नोंद बदलली, याची खूण राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. त्यामुळे मार्चमध्ये आमच्याकडे अपग्रेडची रांग लागली होती. एका फाउंड्रीत हिशेबाची जुनी टॅली होती, ती मी टॅलीप्राइम या नव्या आवृत्तीवर नेली. डेटा नव्या फोल्डरमध्ये मायग्रेट केला, कंपनी उघडून दाखवली, अकाउंटंट काकांनी चार बिलं बघून "झकास" म्हटलं. जुना फोल्डर मी पुसला नाही. राहू दे, असलेला बरा. तासाभरात काम संपवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलो.

माझं जे चुकलं ते या तासाभरात चुकलं, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

त्या मशीनवर रोज रात्री अकरा वाजता बॅकअपचा जॉब चालायचा. मीच लावलेला. तो जुन्या टॅलीचा फोल्डर उचलून नेटवर्कवरच्या डिस्कवर टाकायचा. अपग्रेडनंतर लोक नव्या फोल्डरमध्ये काम करू लागले आणि जॉब मात्र इमानेइतबारे जुनाच फोल्डर बघत राहिला. जुन्यात रोज बदल शून्य. म्हणून कॉपी झालेल्या फाइल शून्य आणि एररही शून्य. एरर नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअर सकाळी मेल पाठवणार: बॅकअप यशस्वी, पुढे हिरवी टिक. आठ महिने रोज ती टिक येत होती. अशा मेलना मी इनबॉक्समधून आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम लावलेला, म्हणजे मी त्या उघडतही नव्हतो. एखादी उघडली असती तरी टिकच बघितली असती. तिच्या खालचा 'एकूण साइज' हा आकडा मार्चपासून एक किलोबाइटनेही हललेला नव्हता. चालू कारखान्याचा हिशेब आठ महिने वाढत नाही म्हणजे कारखाना तरी बंद पडलाय, नाहीतर बॅकअप तरी.

नोव्हेंबरात १७ तारखेला सकाळी काकांचा फोन आला. मशीन चालू होत नव्हतं. त्याला सर्व्हर म्हणायचं एवढंच, होता तो साधा डेस्कटॉप. एसएसडी गेलेली. मी गाडीवर बसताना ताईला सांगितलंसुद्धा, "काळजी नाही, बॅकअप आहे." दुसरी डिस्क लावली, विंडोज टाकलं, डेटा परत आणला, कंपनी उघडली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनजवळ आले आणि म्हणाले, "अहो, हे मार्चचं दिसतंय की."

मी नवी टॅली उघडून बसलेलो आणि तिच्यात शेवटची नोंद होती मार्चची. २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायचा होता. डिस्क पुण्याला डेटा रिकव्हरीला पाठवली, कंट्रोलर मेलेला, काही निघालं नाही.

मग सुरू झालं गोळा करणं. सीएंच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटसाठी दिलेला पेन ड्राइव्ह सापडला, त्यात ऑगस्टअखेरपर्यंतचा डेटा होता. तो नसता तर मी आज हे लिहीत नसतो. पुढची विक्रीची बिलं ई-इनव्हॉइसमुळे सरकारी पोर्टलवर होती. खरेदी जीएसटीआर-२बी मधून, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटीवरच्या यादीतून, मिळाली, पण तिथं पुरवठादार, बिल नंबर, रक्कम आणि कर एवढंच असतं. कोणता माल किती किलो, ते मूळ कागदावरूनच घ्यावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट होतं. कुठंच नव्हत्या त्या रोखीच्या व्हाउचरी, कामगारांच्या उचली आणि मशीनिंगला बाहेर पाठवलेल्या कास्टिंगची जॉबवर्क चलनं. दोन ऑपरेटर माझ्या पैशानं लावले. अकरा रात्री एन्ट्र्या मारल्या, मी शेजारी बसून चलनं वाचून दाखवत होतो. मालकांनी एक वाईट शब्द काढला नाही. त्या वर्षीचं एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचं, बिल मी टाकलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. न बोललेला माणूस जास्त लागतो, एवढं सांगतो.

म्हणून पहिला इशारा, आणि तो मऊ करून सांगत नाही. जो बॅकअप तुम्ही दुसऱ्या मशीनवर उघडून त्यातला कालचा शेवटचा व्हाउचर नंबर गिऱ्हाइकाला फोनवर वाचून दाखवलेला नाही, तो बॅकअप नाही. तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, हे सगळ्यांना पाठ असतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीत तळमजल्याच्या ऑफिसांत पाणी शिरलं, तेव्हापासून 'एक जागेबाहेर' आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तिन्ही कॉपी चुकीच्या फोल्डरच्या असतील तर काय, ते हा नियम सांगत नाही. सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, ड्राइव्हचं अक्षर बदललं, नवीन शाखेची कंपनी उघडली, युजर नवीन केला, की त्याच दिवशी बॅकअपचा जॉब उघडून सोर्सची, म्हणजे कोणता फोल्डर उचलायचा ती, ओळ डोळ्यांनी वाचायची. आम्ही जॉब कार्डवर त्यासाठी रकानाच छापून घेतलाय.

क्लाउडनं हे सुटतं असं डिस्ट्रिब्युटरच्या सेमिनारमध्ये सांगतात, जेवण चांगलं असतं. सुटत नाही. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हला फोल्डर जोडून ठेवणं म्हणजे सिंक. इथं पुसलं की तिथं पुसतं, इथं रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, फाइल कुलूपबंद केली की कुलूपबंद फाइल वर चढते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, त्या किती दिवस ते ज्याच्या त्याच्या प्लॅनवर. गिऱ्हाइकाला सिंक विकून बॅकअप म्हणून बिल टाकू नका.

आता बाजाराचं. हार्डवेअर विकून पोट भरण्याचे दिवस गेले. तुम्ही कोटेशन देताय तोवर मालकाचा मुलगा मोबाइलवर ऑनलाइन भाव काढतो. त्याच्यावर रागावू नका, आपणही तेच करतो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा थोडी मशीनं विकली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. अट चुकवून जुन्या मशीनवर ११ चढवून देणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. घरच्या मशीनवर खुशाल करा. एएमसीच्या मशीनवर केलंत तर पुढचा मोठा अपडेट अडकेल तेव्हा रात्री फोन तुम्हालाच येणार. क्रॅकबद्दल तर बोलतही नाही. फुकटची विंडोज मागणारं गिऱ्हाईक तुमचं बिलही फुकटात मागतं, हे माझं ठाम मत आहे. कुणी चिडलं तर चिडू दे.

पैसा आता दर महिन्याच्या, दर माणशी सेवेत आहे. मेल, बॅकअप, अपडेट, अँटिव्हायरस, लांबून देखरेख. ऐकायला सोपं वाटतं, पण यात तुम्ही स्वतःच दार बनता. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या लांबून देखरेख करायच्या सॉफ्टवेअरमधून हल्लेखोर आपल्यासारख्या सेवा देणाऱ्यांपर्यंत पोचले आणि तिथून त्यांच्या गिऱ्हाइकांच्या मशीनांत शिरले. कंपनीच्याच अंदाजानं ८०० ते १५०० लहान-मोठे धंदे सापडले. गावातल्या पंचवीस ऑफिसांना रिमोटचा एकच पासवर्ड ठेवणारा माणूस मला माहीत आहे, कारण तो बराच काळ मी होतो. पासवर्डांची एक्सेल डेस्कटॉपवर, नाव 'पार्टी लिस्ट फायनल'. आज पासवर्ड मॅनेजर आहे, प्रत्येक लॉगिनला दुसरी पायरी आहे. बदलायला तीन रविवार गेले. तुमच्याकडं पाचच गिऱ्हाइकं आहेत तोवर करून टाका, एका दुपारीत होतं.

कायद्याकडं नवीन लोक बघत नाहीत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो, आणि लॉग, म्हणजे मशीनांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. त्यात डेटाची मुख्य जबाबदारी दवाखान्याची, आणि त्यांच्या रुग्णांचा डेटा हाताळणारे आपण प्रक्रिया करणारे. वैध कराराशिवाय त्यांनी आपल्याला ते काम द्यायचं नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आकडा ऐकून घाबरू नका, पण डॉक्टरसाहेबांना करार करायला लावण्यासाठी तो जरूर ऐकवा. माझे दोन पानी करार याच आकड्यावर झाले.

आणि एआय. वापरा, मी रोज वापरतो. लॉग वाचून घ्यायला, इंग्रजी मेल नीट करायला, छोट्या स्क्रिप्ट लिहायला. आमच्या इंजिनिअरनं एकदा बॅकअपची स्क्रिप्ट मागून घेतली. रोबोकॉपी या विंडोजच्या फाइल कॉपी करायच्या कमांडची एक ओळ, मिररचा पर्याय लावलेला. हा पर्याय सोर्समध्ये जे नाही ते डेस्टिनेशनमधून पुसून टाकतो. सोर्स आणि डेस्टिनेशन यांची अदलाबदल झाली असती तर रिकाम्या डिस्कनं भरलेली डिस्क पुसली असती. त्यानं चालवण्याआधी मला दाखवली, कारण नोव्हेंबरच्या त्या अकरा रात्रींत तो चहा आणत होता. त्याच पोरानं दुसऱ्यांदा एका गिऱ्हाइकाच्या फायरवॉलची सगळी सेटिंग पासवर्डसकट फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवली. पासवर्ड बदलले, गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, एवढ्यावर भागलं. एआयचे क्लास घेणाऱ्या गुरूंकडं दहा हजार भरण्यापेक्षा गावातला एखादा म्हातारा इंजिनिअर गाठा, ज्याच्याकडं वीस वर्षांच्या डायऱ्या आहेत. तो खेकसेल. खेकसू दे.

वसुलीचंही सांगून टाकतो, कारण यात पोरं मोडतात. उद्यम नोंदणी करा, फुकट आहे, नंबर बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं. मुदत टळली की गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मालकाला हे सांगून उपयोग नाही, त्याच्या सीएला सांगा. मार्चमध्ये चेक येतात.

रिस्टोअर तपासणीची वेगळी रक्कम मी कोटेशनमध्ये टाकतो. पाच जणांतले तीन जण ती खोडतात. खोडली तर खाली 'तपासणी नको' असं लिहून सही घेतो, आणि सही करायला पेन देताना निम्मे जण विचार बदलतात. त्या फाउंड्रीत मात्र रक्कम टाकत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या ऑफिसातल्या मशीनवर त्यांचा डेटा उघडतो आणि काकांना फोन लावतो. ते नमस्कारही घेत नाहीत. "हं, नंबर सांगा," म्हणतात, आणि पलीकडं रजिस्टरची पानं वाजतात.