डिजिटल चित्र एआयच्या तोंडी जाऊ नये म्हणून अपलोडच्या आधी काय करावं?

दांडिया बाजारातल्या मंडळासाठी केलेलं गणपतीचं पोस्टर असो की तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवरून सुचलेली मालिका, बडोद्यातला चित्रकार आधी ते इन्स्टाग्रामवर टाकतो आणि मग राखणीचा विचार करतो. बैल गेला अन् झोपा केला! एआय मॉडेलने (लाखो चित्रं पाहून नवी चित्रं बनवायला शिकलेल्या प्रणालीने) शिकून घेतलेलं एखादं चित्र त्यातून नेमकं उपसून काढणं जवळपास अशक्य असतं. म्हणून खालची बहुतेक कामं अपलोडच्या आधी करायची आहेत.

१. दोन प्रती करा. ए-३ आकाराची ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे छपाईच्या दर्जाची) फाइल ३५०८ × ४९६१ पिक्सेलची होते. ती स्वतःकडेच ठेवा. लेयर असलेली फाइल आणि कच्ची रेखाटनं तारखांसकट दोन हार्ड डिस्कवर असू द्या, वाद झालाच तर हाच पुरावा. इंटरनेटसाठी लांब बाजू १२०० पिक्सेल केलेली वेगळी प्रत काढा. मात्र छोट्या प्रतीने फक्त छपाईची चोरी अडते, एआयची नाही. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआयची सुरुवातीची मॉडेलं ५१२ पिक्सेलच्या चित्रांवरच शिकली होती.

२. सही मधोमध, पुसट. कोपऱ्यातली सही क्रॉप केली की गेली. अशा वॉटरमार्कने (चित्रावरच्या पुसट खुणेने) एआयचं शिकणं थांबत नाही, पण चोरीचा माग लागू शकतो: गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीच्या वॉटरमार्कची वेडीवाकडी नक्कल स्टेबल डिफ्यूजनच्या चित्रांत उमटली आणि कंपनीने ती कोर्टात दाखवली.

३. ग्लेझ लावा. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोफत सॉफ्टवेअर दिलं. ते पिक्सेलमध्ये असे सूक्ष्म बदल करतं, की मॉडेलला तुमची शैली भलतीच दिसते. त्याच गटाचं २०२४ चं नाइटशेड चित्रातला विषयच चुकीचा शिकवतं. दोन्ही वापरायची तर आधी नाइटशेड, मग ग्लेझ. आकार बदलणं, सही घालणं हे सगळं त्याआधी उरका, ग्लेझ शेवटी.

गडबड होते ती सपाट रंगांत. एकसारख्या पिवळ्या किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर डाग आल्यासारखी पोत दिसते; जाड ब्रशच्या कामात ती लपते. तीव्रता कमी ठेवून एक प्रत काढा, मोबाइलवर बघा, मग वाढवा. संगणकात चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एका चित्राला बराच वेळ लागतो. अशांसाठी ब्राउझरमध्ये चालणारं वेबग्लेझ आहे, पण त्याला आमंत्रण मागावं लागतं.

हे कुलूप अभेद्य नाही. असे बदल ओळखून पुसणारं लाइटशेड हे तंत्र संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं आहे. तरीही चोराला जास्त खटपट करावी लागते, तेवढं तरी पदरात पडतं.

४. स्वतःची वेबसाइट असेल तर रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt; कोणत्या बॉटने, म्हणजे साइटवरचा मजकूर-चित्रं आपोआप गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमने, काय उचलू नये हे सांगणारी फाइल) जीपीटीबॉट, सीसीबॉट, गूगल-एक्स्टेंडेड आणि क्लॉडबॉट यांना मनाई लिहा (नावं अर्थातच रोमन लिपीत). ही फाइल म्हणजे दारावरची पाटी. ऐकायचं नसेल तो आत येतोच. वेबसाइटसमोर पहारा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेच्या मोफत योजनेतही एआय बॉट अडवायचं बटण आहे. तेही चालू करा.

५. कामाचा करार लेखी करा. इथे बहुतेक जण फसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तोच. म्हणजे एआयला द्यायचं की नाही, हे मंडळ किंवा दुकानदार ठरवणार. कॉपीराइट चित्र काढताच मिळतो. नोंदणी ऐच्छिक आहे. चित्रासाठी शुल्क ५०० रुपये, मालावर वापरायचं असेल तर २०००. कोटेशनमध्येच दोन ओळी टाका: "चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्र कोणत्याही एआय साधनात टाकण्याची वा त्याच्या प्रशिक्षणासाठी देण्याची परवानगी नाही." त्याखाली सही घेतल्यावरच ॲडव्हान्स घ्या.