म्हापशातल्या दुकानात कार्ड मशीनची राखण

शुक्रवारच्या बाजारात आमच्या काजूच्या दुकानात इतकी गर्दी असते की कार्डाचं मशीन कोणाच्या हातात आहे ते कळत नाही. त्यातच एक जण ‘बँकेतून आलोय, मशीन बदलायचंय’ म्हणत आला. बँकेला फोन लावतो म्हटल्यावर गडी पसार!

मग मशीनचा सिरियल नंबर वहीत लिहिला, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. रोज सकाळी पोरगा फोटोशी ताडून बघतो: सील, स्क्रू, वायर, कार्ड घालायची फट. मशीन कोणी उघडलं तर आतल्या गुप्त किल्ल्या (म्हणजे पिन सांकेतिक करणारे गुप्त आकडे) आपोआप पुसल्या जातात आणि ते बंद पडतं. पण वरून चिकटवलेलं खोटं कीपॅड त्याला कळेलच असं नाही, आणि पिन तिथंच टिपला जातो. कीपॅड जाड किंवा सैल वाटलं की आम्ही मशीन बाजूला ठेवतो.

चिपचं कार्ड घासायचं नाही, आत घालायचं. चुंबकीय पट्टीची नक्कल सोपी. चिप मात्र दर व्यवहाराला नवा संकेत बनवते, जुना चोरून चालत नाही. कॅमेराही वळवलाय, गल्ला दिसतो, कीपॅड नाही. (गिऱ्हाइकाचा पिन आमच्याच रेकॉर्डिंगमध्ये कशाला?) रात्री मशीन कुलपात. बायको हसते, हसू दे.