फॅमिली लॉ चेंबर्समधलं प्युपिलेज: नवख्या बॅरिस्टरांनो, या चुका टाळा

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर बार कोर्स केला आणि 'इन' म्हणवणाऱ्या बॅरिस्टरांच्या चार संस्थांपैकी एकीने 'कॉल' केलं, म्हणजे बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेतलं, एवढ्यावर भागत नाही. त्यापुढे एखाद्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, साधारण वर्षभर प्युपिलेज, म्हणजे उमेदवारी, करावं लागतं. पहिले सहा महिने, म्हणजे 'फर्स्ट सिक्स', सुपरवायझरच्या मागे फिरायचं, वाचायचं, मसुदे करायचे. 'सेकंड सिक्स'मध्ये आपलं आपण कोर्टात उभं राहायचं. वर्षाच्या शेवटी चेंबर्स टेनन्सी, म्हणजे कायमची जागा, देणार की नाही हे ठरतं, त्यामुळे पोरं वर्षभर पोटात गोळा घेऊन वावरतात.

फॅमिली लॉमध्ये येणाऱ्या हुशार मुलामुलींच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ एकच असतं. केस जजसमोर बोलून जिंकायची असते, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फॅमिली कोर्टातली पहिली सुनावणी तासाभराची असली तर त्यात तुमच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं येतात. खरं काम त्याआधी कॉरिडॉरमध्ये होतं आणि त्यानंतर लॅपटॉपवर. मूट कोर्टाच्या (सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यांच्या) ट्रॉफ्या घेऊन आलेल्यांना हे पचायला जड जातं. (विग-गाऊनमधला फोटो घरी पाठवायचा असेल तर तो कॉलच्या दिवशीच काढून घ्या. फॅमिली कोर्टात सूटवर भागतं.)

फर्स्ट सिक्समध्ये नुसतं बघत बसणं

सुपरवायझर उलटतपासणी घेतोय आणि प्युपिल तोंडात बोट घालून ऐकतोय, हे चित्र नेहमीचं. तुमचं काम नोट घेण्याचं आहे. साक्षीदाराचं उत्तर शक्यतो शब्दशः, समासात वेळ, बंडलचं (कोर्टापुढच्या कागदांच्या गठ्ठ्याचं) पान निघालं की त्याचा आकडा. शेवटच्या युक्तिवादाच्या वेळी सुपरवायझर हळूच विचारतो, "पोलिसांना फोन केल्याचं ती नेमकं काय म्हणाली?" तेव्हा "साधारण असं म्हणाली" हे उत्तर चालत नाही. स्वतःची मतं वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा, साक्षीत मिसळू नका. आदल्या रात्री स्वतःचं पोझिशन स्टेटमेंट (आपल्या पक्षाचं म्हणणं थोडक्यात मांडणारा कागद) लिहून काढा आणि सुपरवायझरच्या स्टेटमेंटशी ताडून बघा. त्याने काय गाळलं, हे त्यातून कळतं.

कोर्ट कुठलं आणि समोर कोण, हे न बघता जाणं

सेकंड सिक्समध्ये मुलांच्या ताब्या-भेटीची पहिली सुनावणी, नॉन-मॉलेस्टेशन ऑर्डरचे (त्रास-मारहाणीपासून संरक्षण देणाऱ्या हुकमाचे) अर्ज, डिरेक्शन्सच्या (केस पुढे कशी चालवायची ते ठरवण्याच्या) सुनावण्या अशी कामं येतात. डिस्ट्रिक्ट जजला डिसेंबर 2022 पासून 'जज' म्हणतात, 'सर' किंवा 'मॅडम' नाही. सर्किट जजला 'युअर ऑनर', हायकोर्टात 'माय लॉर्ड' किंवा 'माय लेडी'. मॅजिस्ट्रेट्ससमोर असाल तर त्यांच्याबरोबर बसलेल्या लीगल ॲडव्हायझरकडे पाठ फिरवू नका. मॅजिस्ट्रेट वकिलीतले नसतात, कायदा त्यांना हाच माणूस समजावतो. त्याला आधी भेटून मुद्दे सांगितले की सुनावणी निम्मी सोपी होते.

प्रक्रियाही सगळीकडे सारखी नाही. डॉर्सेट आणि नॉर्थ वेल्समध्ये 2022 मध्ये सुरू झालेली 'पाथफायंडर' पद्धत पुढे आणखी भागांत गेली. तिथे आधी मुलाविषयीचा अहवाल तयार होतो आणि सुनावणी मागाहून. नेहमीच्या पहिल्या सुनावणीची टिपणं घेऊन तिथे गेलात तर फजिती ठरलेली. बाकी ठिकाणी काफकॅस या मुलांचं हित बघणाऱ्या संस्थेचं सेफगार्डिंग पत्र, म्हणजे मुलाच्या सुरक्षिततेविषयीचं टिपण, सुनावणीआधी यायला हवं, पण ते उशिरा येणं नवीन नाही. आलं नसेल तर सकाळी पोचल्याबरोबर अशरला (कोर्टरूमच्या दाराशी असणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा. आणि पोझिशन स्टेटमेंट आदल्या कामाच्या दिवशी सकाळी 11 पर्यंत जायला हवं. कागदच संध्याकाळी आले असतील तर निदान रात्री पाठवा आणि उशिराचं कारण एका ओळीत द्या.

कॉरिडॉरमधल्या चुका

लीगल एडमधून (सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिली मदतीतून) बहुतेक खाजगी कौटुंबिक खटले एप्रिल 2013 पासून वगळले गेले. त्यामुळे समोरचा पक्ष बरेचदा वकिलाविनाच येतो. त्याच्याशी नीट बोला, तुम्ही कोणाचे वकील ते आधी सांगा, तुमचं स्टेटमेंट वाचायला वेळ द्या. दमदाटीचा वास आला तरी तो जजच्या कानावर घालतो. उलट, दया येऊन त्यालाच सल्ला देऊ लागणं हीही चूक.

मराठी असाल तर एक खास सापळा आहे. क्लायंटही मराठी निघाली की दोघांना हायसं वाटतं आणि कॉरिडॉरमध्ये सगळी स्ट्रॅटेजी मोठ्याने मराठीत चालते. अहो, पलीकडच्या बाकावर बसलेला नवराही बहुधा सांगली-साताऱ्याकडचाच असतो, आणि सोबत त्याची आई! कॉन्फरन्स रूम मिळवा, नसेल तर जिन्याखाली जा. आणि क्लायंटला इंग्रजी नीट येत नसेल तर कोर्टात दुभाषा तुम्ही होऊ नका. दुभाषा आधी मागवावा लागतो, ते सॉलिसिटरला (तुम्हाला केस देणाऱ्या, क्लायंटच्या मूळ वकिलाला) वेळेत सांगा. व्हॉट्सॲपवरचे मराठी मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असतील तर भाषांतर रीतसर करून घ्यायचं, तुम्ही घाईत पेन्सिलीने लिहिलेलं चालत नाही.

कॉरिडॉरमधली सगळ्यात महाग चूक मात्र अंडरटेकिंगची, म्हणजे कोर्टाला दिलेल्या वचनाची. तुमची क्लायंट नॉन-मॉलेस्टेशन ऑर्डर मागतेय आणि पलीकडून प्रस्ताव येतो, "ऑर्डर नको, तो कोर्टाला अंडरटेकिंग देईल." तडजोड झाली, तीही अकराच्या आत, म्हणून प्युपिल खूश. पण ऑर्डर मोडली तर तो फौजदारी गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि पोलीस थेट अटक करू शकतात. अंडरटेकिंग मोडलं तर तो कोर्टाचा अवमान, त्यासाठी तिलाच पुन्हा अर्ज करून कोर्टात यावं लागतं. मारहाण झालेली असेल किंवा धमकी दिलेली असेल आणि संरक्षणासाठी ऑर्डरच गरजेची असेल, तर अंडरटेकिंग स्वीकारण्याचा अधिकार कोर्टालाही नाही. हा फरक क्लायंटला सोप्या शब्दांत सांगा, तिचं उत्तर लिहून घ्या, मग होकार द्या. आणि दुसऱ्या बाजूला न कळवता अर्ज करत असाल तर तुमच्या क्लायंटच्या विरोधात जाणारी माहितीही तुम्हालाच जजसमोर ठेवायची असते. ती दडवली आणि दोन्ही बाजू हजर असतात त्या पुढच्या तारखेला उघड झाली, तर ऑर्डर जाऊ शकते आणि तुमचं नावही.

ऑर्डर ढिसाळ लिहिणं

जज निर्णय सांगतात, पण ऑर्डरचा मसुदा वकिलांनी करायचा असतो. बहुधा अर्जदाराचा वकील करतो. अर्जदार वकिलाविना असेल तर ते काम तुमच्या गळ्यात पडतं. प्युपिल ट्रेनमध्ये बसून, दमल्या डोळ्यांनी, आठवणीतून लिहितो. मग दोन दिवस "जज असं म्हणालेच नव्हते" छापाचे ईमेल चालतात. इमारत सोडण्याआधी मसुदा करा, समोरच्याला दाखवा.

एक वाक्य घेऊ: "दिवाळी दोन्ही पालकांनी आळीपाळीने साजरी करावी." सगळ्यांनी माना डोलावल्या, जज म्हणाले छान. आता विचारा: पहिलं वर्ष कोणाचं? दिवाळी म्हणजे कुठला दिवस, लक्ष्मीपूजन की भाऊबीज? त्या दिवशी इथे शाळा चालू असली तर? शाळेतून कोण आणणार, परत कोण सोडणार? तोच वीकेंड एरवी दुसऱ्या पालकाचा असेल तर कोणती अट वरचढ? हे प्रश्न ऑर्डरने सोडवले नाहीत तर ऑक्टोबर उजाडेपर्यंत दोघंही पुन्हा कोर्टाच्या दारात.

चालेल असं कलम काहीसं असं होईल: "सम वर्षी मूल लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत आईकडे राहील आणि भाऊबीजेला त्याच वेळांत वडिलांकडे, विषम वर्षी याच्या उलट. शाळा नसेल त्या दिवशी सकाळी 10 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 10. ज्याच्याकडे मूल जाणार आहे त्याने ते आणावं. तारखा आईने दर वर्षी 1 सप्टेंबरपर्यंत ईमेलने कळवाव्यात. हे कलम वीकेंडच्या कलमावर वरचढ राहील." वाचायला रुक्ष आहे, आणि तसंच असायला हवं.

आणखी एक खोड: जे बंधनकारक करायचं ते रिसायटलमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या प्रास्ताविकात, टाकणं. वर 'दोघांनी मान्य केलं की' असं लिहिलेलं राहतं, खाली हुकमात त्याचा पत्ता नसतो. अंमलबजावणीची वेळ आली की असं रिसायटल हुकमासारखं कामाला येत नाही.

भारताशी जोडलेल्या केसेस हलक्याने घेणं

आपल्याकडच्या कुटुंबांच्या केसेस चेंबर्समधले लोक तुमच्याकडे वळवतील, "यू नो द कल्चर" म्हणत. इथे अर्धवट माहिती जास्त धोक्याची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला आजीकडे पुण्याला न्यायचंय, एवढी साधी मागणी. पण आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. मूल परत आलंच नाही तर त्या करारातला परतीचा मार्ग उपलब्ध नसतो. मूल ज्याच्याकडे 'राहतं' असा चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर आहे त्याला एक महिन्यापेक्षा कमी काळ परदेशी नेता येतं. एरवी पालकत्वाचे अधिकार असलेल्या सगळ्यांची संमती किंवा कोर्टाची परवानगी लागते. विरोध करणाऱ्या बाजूला असाल तर नुसतं "भीती वाटते" म्हणू नका. परतीची तिकिटं, काही रक्कम अनामत, भारतातल्या कोर्टाकडून त्याच आशयाचा हुकूम, यातलं काय मागायचं ते ठरवून जा. नेणाऱ्या बाजूला असाल तर हेच आपणहून देऊ करा.

पैशांच्या केसमध्ये फॉर्म ई, म्हणजे आर्थिक माहितीचा तक्ता, भरताना जगभरातली मालमत्ता दाखवावी लागते. क्लायंट म्हणतो, "नाशिकचा प्लॉट बाबांच्या नावावर आहे, माझं नुसतं नाव लावलंय." लावलंय ना, मग लिहायचा, आणि खुलासाही लिहायचा. स्त्रीधनाचे दागिने, लॉकर, एफडी, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा यांचं तेच. समोरच्या बाजूचा माणूस त्याच घरातला असतो, त्याला सगळं ठाऊक असतं. एफडीआर, म्हणजे तडजोडीसाठीच्या, सुनावणीत दिलेल्या ऑफर्स मात्र अंतिम सुनावणीच्या कागदांत येता कामा नयेत. ज्या जजने एफडीआर घेतली त्याला ती केस पुढे चालवता येत नाही, ते याचसाठी.

घटस्फोटाचंही तसंच. इथे एप्रिल 2022 पासून दोषारोप न करता घटस्फोट मिळतो. पण हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं असेल आणि दुसऱ्या जोडीदाराची संमती किंवा मनापासूनचा सहभाग नसेल, तर इथली फायनल ऑर्डर भारतात मानली जाईलच असं नाही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये नरसिंह राव केसमध्ये ही भूमिका घेतली. पुण्यात एलएलबी केलंय म्हणून यावर तुम्हीच सल्ला देऊन मोकळे होऊ नका. मुद्दा टिपून ठेवा, भारतातल्या वकिलाचं मत घ्यायला सॉलिसिटरला सांगा.

एक प्रश्न जास्त विचारणं

उलटतपासणीबद्दल फार लिहीत नाही, ते ऐकून आणि करूनच येतं. समजा तुम्ही मुलाच्या बाबांचे वकील आहात, आणि साक्षीत आई म्हणाली की त्या दिवशी बाबा वेळेवर आले होते. तुम्हाला हवं ते मिळालं. आता "मग तुम्ही घाबरलात का?" असं विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बसा खाली.

क्लार्क्सशी वागणं

क्लार्क तुमची डायरी चालवतो, फी ठरवतो, सॉलिसिटरांशी बोलतो. त्याला हाताखालचा माणूस समजणारे प्युपिल लवकरच रिकामे बसतात. सुनावणी संपली की निकाल आणि पुढची तारीख आधी त्याला कळवा, सॉलिसिटरला त्याच दिवशी अटेंडन्स नोट (सुनावणीत काय झालं त्याचं टिपण) पाठवा. मुलांच्या केसेसमधली माहिती बाहेर सांगणं कायद्यानेच बंद आहे, तेव्हा ट्रेनमधल्या फोनवर आडनावं घेऊ नका आणि मित्रांच्या ग्रुपवर 'आजचा भन्नाट किस्सा' टाकू नका.

उद्याच्या ल्युटनच्या सुनावणीचे कागद आज संध्याकाळी पाचला येतील. चारशे पानं, त्यातली निम्मी वाकडी स्कॅन केलेली. एखादा मुद्दा आवाक्याबाहेरचा वाटला किंवा क्लायंटचं नाव ओळखीचं निघालं, तर क्लार्कला सहाला फोन करा. त्या वेळी दुसरा कोणीतरी मिळतो. रात्री अकराला केलात तर जायचं तुम्हालाच असतं.