‘तुम्हाला नाही बसत’ ऐकून परत येऊ नका: सरकारी मदत मागताना होणाऱ्या चुका

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी शनिवारची दुपार घरच्या डायनिंग टेबलावर जाते. आधी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे कागद पाहिले, मग त्यांच्या जावेचे, मग वस्तीतल्या आणखी चौघींचे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि कुणीतरी दिलेला कोरा अर्ज निघतो. इतक्या पिशव्या पाहून एक गोष्ट कळली. अर्ज नामंजूर झाल्याचा कागद त्यात फारसा सापडतच नाही. अर्ज आत जाण्याआधीच बाईला खिडकीवरून परत पाठवलेलं असतं.

‘तुम्हाला नाही बसत’ हे तोंडी ऐकायचं आणि घरी यायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका ताईंना नवऱ्यानं सोडून बरीच वर्षं झाली होती. निराधारांना दरमहा सरकारी अनुदान देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेसाठी गेल्या, तर ‘घटस्फोटाचा कागद आणा’ असं ऐकून परत आल्या. वास्तविक ज्यांचा घटस्फोट अजून कोर्टात चालू आहे आणि पोटगी मिळत नाही, अशा बायकाही या योजनेत बसतात. ताईंची केस चालू होती, तारखांचे कागद पिशवीत होते, पण ते कुणी मागितले नाहीत आणि त्यांनी काढलेही नाहीत. दुसऱ्या खेपेला आम्ही अर्ज केसच्या कागदांसकट दिला आणि शिक्क्याची, तारखेची पोच घेतली. पोच हातात आली की खिडकीपलीकडची भाषाही जरा बदलते, हा माझा अनुभव.

दाखल्यांच्या बाबतीत तर कायदाच तुमच्या बाजूनं आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. तोंडी नकारावर अपील कशाचं करणार?

संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 1,750. दिव्यांगांसाठी ती 50,000 आहे. ही 21,000 ची मर्यादा ठरवणाऱ्यानं पुण्यात खोलीचं भाडं भरलेलं नसावं. पण मर्यादा आहे ती आहे. म्हणून एक पथ्य पाळा: मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी एका आकड्याचा आणि निराधारसाठी दुसऱ्या आकड्याचा, असे एकाच वर्षाचे दोन दाखले काढू नका. पडताळणीत दोन्ही अडकतात.

आता पुण्याची खास चूक. धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, पाणीपट्टी-घरपट्टी पालिकेकडे गेली, त्यामुळे तिथल्या माणसाला आपण ‘पुणे शहर’ वाटतो. महसुलाच्या हिशेबात मात्र धायरी हवेली तालुक्यातच आहे. आंबेगाव बुद्रुक, शिवणे, उंड्री यांचंही तेच. अर्जावर तालुका चुकला की एक खेप वाया, आणि रोजंदारीवरच्या माणसाची खेप म्हणजे दिवसाची मजुरी. घराजवळच्या तलाठ्याला आधी विचारून घ्या. (त्यांचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण तलाठी म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही.)

नावांचा घोळ तर दर शनिवारी असतो. आधारवर पार्वती, रेशनकार्डावर पार्वतीबाई, पासबुकावर माहेरचं आडनाव आणि मधलं नाव वडिलांचं. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे, यंत्राला कळत नाही. आधी आधार आणि बँक या दोन ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं करा. लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवा, तो नसेल तर राजपत्रात नाव छापून घ्यावं लागू शकतं. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही पाहा. पुतण्याचा जुना नंबर दिलेला असतो, ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि तो असतो गावी.

आता पैशांकडे येते, कारण हे काम मी आयुष्यभर केलंय. ‘माझं खातं आधारला लिंक आहे’ असं सगळे सांगतात आणि तरी पैसे येत नाहीत. खात्यावर आधार नंबर नोंदवणं वेगळं आणि सरकारी पैसे थेट त्याच खात्यात यावेत म्हणून ते खातं आधारशी जोडलं जाणं, म्हणजे सीड होणं, वेगळं. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत एका आधारपुढे एकच बँक असते, आणि ती सगळ्यात शेवटी सीड केलेली असते. मुलाच्या सांगण्यावरून मोबाइलवर एखादं नवं खातं उघडलं, तिथे संमतीच्या चौकटीत बोट लागलं, की पैसे मुकाट्यानं तिकडे वळतात. लाडकी बहीण योजनेचे 1,500 ‘आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या एका मावशींचे पाच महिन्यांचे पैसे असेच विसरलेल्या खात्यात पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. हवी ती बँक नसेल तर हव्या त्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. ‘केवायसी करून द्या’ एवढंच म्हणू नका, काउंटरवरचा माणूस फक्त केवायसी करून देईल. मी तेच करायचे.

लाडकी बहीणसाठी 2025 पासून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणीही लागते. ती अर्धवट राहिली की हप्ता थांबतो.

दवाखान्याच्या बाबतीत चूक वेळेची होते. आधी डिपॉझिट भरायचं, दागिना गहाण टाकायचा आणि डिस्चार्जच्या दिवशी सवलत मागायची. महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे, भरलेले पैसे ती परत देत नाही. म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं काम पाहणारे, कुठे बसतात ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्न वर्षाला 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल. पुण्यातली कित्येक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत, पण चकाचक लॉबी पाहून कुणी विचारायला धजत नाही. समाजसेवकाच्या टेबलाशी जा आणि रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला पहिल्या दिवशीच द्या. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

लातूर-सोलापूरकडून आलेली मंडळी पुण्यात रेशन मिळावं म्हणून गावचं कार्ड रद्द करायला निघतात. धान्य चालू असलेलं कार्ड असेल तर थांबा. अंगठा लावून इथल्या दुकानातही त्याच कार्डावर धान्य घेता येतं.

एजंटबद्दल थोडक्यात: बांधकाम कामगार नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते विकत मिळत असेल तर घेऊ नका, तपासणीत एजंट सापडत नाही, तुम्ही सापडता.

शेवटचं राहिलं ते पासबुक. गेल्या वर्षी एका बाईंचा नवरा हार्ट अटॅकनं गेला, वय 46, सोसायटीत वॉचमन. पासबुक मी सवयीनं उलटं चाळत गेले, तर मे अखेरीला 436 रुपये कापलेले. म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती विमा, 2,00,000 रुपयांचा. घरात कुणालाच माहीत नव्हतं, खातं उघडताना सही घेतली असणार. 20 रुपये कापलेले दिसले तर तो सुरक्षा विमा, तो अपघाताचा. दावा ज्या बँकेतून हप्ता कापला तिथेच करायचा असतो: दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि बँक तपशील. अपघात असेल तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमची प्रतही लागते, ती दिवसकार्याच्या गडबडीत हरवते. त्या बाईंचा फॉर्म आम्ही आठव्या महिन्यात दिला. ‘उशीर झाला, नाही बसत’ असं काउंटरवर ऐकावं लागलं. मी म्हटलं, तेवढंच लिहून द्या. मग त्यांनी फॉर्म घेतला.