क्रॉप सायन्स घेताय? मग आधी खताचं गणित पक्कं करा

महाराष्ट्रात अकरावी विज्ञानाला क्रॉप सायन्स, म्हणजे पीकशास्त्र, हा द्विलक्ष्यी (व्यवसायाभिमुख) विषय घेता येतो. मुलं त्याला नुसतं 'बायफोकल' म्हणतात. हा विषय 200 गुणांचा आहे आणि दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांच्या जागी तो बसतो. पुढे बी.एस्सी. कृषी करायचं असेल, तर कोणता विषय सोडायचा ते जपून ठरवा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या प्रवेशाला सीईटी लागते. त्यामुळे भौतिक व रसायनाच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र राहिलंच पाहिजे. दोन्हींत निवड करायची वेळ आलीच, तर आमचा कौल जीवशास्त्राला. क्रॉप सायन्समध्ये लागणारं गणित टक्केवारी आणि क्षेत्रफळ यांच्या पलीकडे फारसं जात नाही.

पण तेवढ्याच गणितात गुण सर्वांत जास्त जातात. बागायती गव्हाचं उदाहरण घ्या. शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र (नायट्रोजन), 60 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 40 किलो पालाश (पोटॅश). युरियात नत्र 46 टक्के, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश 60 टक्के. हवं असलेलं अन्नद्रव्य गुणिले 100, भागिले खतातली टक्केवारी. म्हणजे युरिया 261 किलो, सुपर फॉस्फेट 375 किलो आणि पोटॅश 67 किलो. इथवर कुणी चुकत नाही.

प्रश्नात डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे जोडखत) आलं की गाडी अडते. डीएपीत नत्र 18 टक्के आणि स्फुरद 46 टक्के असतं. आधी स्फुरदाचा हिशोब करायचा: 60 किलोसाठी डीएपी 130 किलो. त्यातून साडेतेवीस किलो नत्र आपोआप येतं. ते 120 मधून वजा केलं की साडेशहाण्णव किलो उरतं, त्यासाठी युरिया 210 किलो. ही वजाबाकी विसरली की युरियाची 50 किलोहून जास्त जादा मात्रा उत्तरात येते, आणि शेतात तसं केलं तर गहू लोळतो, म्हणजे आडवा पडतो.

शिवाय गव्हाला अर्धं नत्र पेरणीला आणि अर्धं 21 दिवसांनी द्यायचं असतं. डीएपीतलं सगळं नत्र पेरणीच्याच हप्त्यात धरा. म्हणजे पेरणीला युरिया 79 किलो, नंतर 130 किलो. एकरी आकडा विचारला असेल, तर शेवटी अडीचने भागा. मध्येच भागलं की गोंधळ होतो.

रोपसंख्येचंही असंच. सोयाबीनचं अंतर 45 बाय 5 सेंमी असेल, तर आधी मीटर करा: 0.45 गुणिले 0.05. या गुणाकाराने 10,000 चौरस मीटरला भागलं की हेक्टरी 4,44,444 रोपं.

उगवण चाचणीत मुलं मोड आलेलं प्रत्येक बी मोजतात. ते चूक आहे. मूळ, खोड आणि बीजदलं धड असलेली, म्हणजे सामान्य रोपंच धरायची. वाकडी, कुजकी, मूळ तुटलेली रोपं वेगळ्या रकान्यात. सोयाबीनचं कवच पातळ असतं, मळणीत किंवा पोतं आपटल्याने ते तडकतं आणि अशी रोपं बरीच निघतात. ओल्या गोणपाटावर 100 बिया ओळीत मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि आठव्या दिवशी शेवटची मोजणी करा. 70 टक्के उगवणीला हेक्टरी 75 किलो बियाणं धरलं आणि तुमची उगवण 60 भरली, तर साडेसत्त्याऐंशी किलो लागेल.

बीजप्रक्रियेचा क्रम तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. उलट केलं तर रसायन जिवाणूंना मारतं. रायझोबियम हे जिवाणू खत 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही. काम झालं की नाही हे पाहायला पीक फुलावर यायच्या सुमारास रोप मातीसकट उकरा आणि मुळावरची गाठ चिरा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

मातीचा नमुना बांधाजवळून, झाडाखालून, शेणखताच्या ढिगाजवळून किंवा नुकतंच खत टाकलेल्या जागेतून घेऊ नका. नागमोडी चालत 10 ते 15 ठिकाणी वीतभर खोल उतरता खड्डा घ्या, बाजूची दोन सेंमी जाडीची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं खुरपं वापरू नका, लोहाचा आकडा फसवा येतो.

प्रात्यक्षिकासाठीचा तणांचा संग्रह पावसाळ्यातच सुरू करा. जानेवारीत धावपळ करणाऱ्यांना फुलावरचा केना (एक तण) मिळत नाही. लव्हाळा आणि हराळी ओळखताना खोड बोटांत फिरवून बघा: लव्हाळ्याचं तिधारी लागतं. तो मुळाखालच्या गाठीसकट उपटा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तिच्यावरच विचारतील. तणं ज्यात दाबून सुकवता ते वर्तमानपत्राचे कागद पहिला आठवडा रोज बदला, नाहीतर बुरशी येते. तारीख, ठिकाण आणि पीक त्याच दिवशी लिहा.