डिशवॉशरमधून भांडी लख्ख निघण्यासाठी काय करावं

डिशवॉशरमध्ये घासणी नसते. ही साधी गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्म्या तक्रारींचं कारण आपोआप सापडतं. आत असतं ते फक्त गरम पाणी, डिटर्जंट आणि पाण्याचा जोर. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन यांनी ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही भांडी तारेच्या कप्प्यांत बसवून त्यांच्यावर पाण्याचा मारा करायचा, हीच युक्ती होती. हल्लीची यंत्रं पाणीही बेतानेच घेतात, एका पूर्ण फेरीला साधारण १० ते १५ लिटर. थोडंसं पाणी तळाशी गोळा होतं, गाळलं जातं आणि तेच पुन्हा पुन्हा भांड्यांवर फेकलं जातं. त्यामुळे भांडं नीट निघालं नाही की दोनच प्रश्न विचारायचे: पाणी तिथपर्यंत पोचलं का, आणि पोचलेलं पाणी स्वच्छ होतं का?

आधी फिल्टर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तिकडे कुणी बघतच नाही. खालचा रॅक बाहेर काढा. तळाशी जाळीचं एक नळकांडं दिसेल. बहुतेक यंत्रांत ते फिरवून वर ओढलं की निघतं, मग त्याखालची सपाट जाळीही उचलता येते. ती उलटी करून बोट फिरवा. बुळबुळीत, करडा थर बोटाला लागला, तर तुमच्या पेल्यांवर रोज काय उडत होतं ते कळेल. वाहत्या कोमट पाण्याखाली मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी नको, जाळी खराब होते. खालच्या खड्ड्यात कधी काचेचा कपचा असतो, तेव्हा बोटं जपून घाला. परत बसवताना नळकांडं घट्ट बसेपर्यंत फिरवा, कारण ते सैल राहिलं तर खरकटं थेट पंपात जातं. रोजचा वापर असेल तर हे काम आठवड्यातून एकदा करावं. पाच मिनिटंही लागत नाहीत.

हात ओले आहेतच तर स्प्रे आर्म, म्हणजे पाणी फवारणारे भोकांचे फिरते दांडेही बघून घ्या. उजेडाकडे धरलं की कुठलं भोक बुजलंय ते लगेच दिसतं. एखादी बी किंवा लिंबाचा गर अडकलेला असतो, तो टूथपिकने काढून टाका.

विसळायचं नाही, निपटायचं

भांडी नळाखाली विसळून मग यंत्रात लावायची, ही सवय सोडायला बहुतेकांना जड जातं. पण ती सोडाच. डिटर्जंटमध्ये स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, ताटावर वाळलेला पातळ थर हे त्यांचंच काम आहे. शिवाय ऑटो प्रोग्रॅममध्ये पाणी किती गढूळ झालं हे सेन्सर बघतो आणि त्यावरून धुण्याची वेळ ठरवतो. विसळलेली भांडी लावली की त्याला वाटतं काम हलकं आहे, आणि एखादं तेलकट पातेलं तसंच राहून जातं. उरलेलं अन्न, बिया, हाडं, कागदाचे तुकडे चमच्याने कचऱ्यात निपटा, बस. तळाला करपलेलं भांडं मात्र आधी भिजत ठेवावं लागतं, ते कुठलाही पाण्याचा फवारा काढत नाही.

भांडी लावताना

खरी मेख इथे आहे. पाणी तळातून आणि मधून फिरत्या आर्ममधून येतं, म्हणून प्रत्येक भांड्याचं खरकटं तोंड पाण्याच्या बाजूला हवं. ताटं खालच्या रॅकमध्ये मध्याकडे तोंड करून उभी लावा, दोघांत फट ठेवून. वाट्या पालथ्या आणि थोड्या कलत्या ठेवा, नाहीतर बुडाच्या खोबणीत पाणी साचून राहतं. मोठं पातेलं मधोमध पालथं घातलं तर ते वरच्या रॅकला छत्रीसारखं झाकतं, त्यामुळे अशी भांडी कडेला ठेवावीत. चमचे एकमेकांत बसू देऊ नका, काही दांडे वर तर काही खाली ठेवा. सुऱ्यांची टोकं मात्र नेहमी खाली. प्लॅस्टिक वरच्या रॅकमध्ये जाईल.

दार लावण्याआधी दोन्ही आर्म हाताने एकदा गरकन फिरवून बघा. कुठे झाऱ्याचा दांडा अडत असेल तर तो तेव्हाच कळतो. डिटर्जंटच्या कप्प्यासमोर उंच ताट किंवा ट्रे उभा नाही ना, तेही बघा. झाकण उघडायला जागा नसेल तर अख्खी फेरी नुसत्या पाण्याची होते.

डिटर्जंट आणि प्रोग्रॅम

टॅब्लेट सोयीची असते, पण माझं मत पावडरच्या बाजूने आहे. भांडी कमी असतील तर कमी घालता येते, आणि फार तेलकट असतील तर चिमूटभर आधीच्या धुण्यासाठी कप्प्याबाहेरही टाकता येते. छोट्या प्रोग्रॅममध्ये टॅब्लेट कधीकधी पूर्ण विरघळतही नाही. हाताने भांडी घासायचं लिक्विड मात्र चुकूनही घालू नका, फेस दारातून बाहेर येतो.

इको प्रोग्रॅम ५० अंशांच्या आसपास चालतो आणि तीन तास किंवा जास्तही घेतो. एवढा वेळ लागतो म्हणून तो वाया जातो असं समजू नका, कमी तापमानाची भरपाई वेळ करतो आणि वीज वाचते. रोजच्या भांड्यांना तो पुरतो. चिकट, तुपकट पातेल्यांसाठी ७० अंशांचा इन्टेन्सिव्ह. अर्ध्या तासाचा क्विक प्रोग्रॅम पाहुणे असताना पेले धुवायला ठीक आहे, त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये.

मीठ आणि रिन्स एड

पाण्यात क्षार जास्त असतील तर बाकी सगळं नीट करूनही भांड्यांवर पांढरी झाक येते. यासाठी अनेक यंत्रांत पाणी मृदू करणारं रेझिन असतं. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि त्याला पुन्हा ताजं करायला मीठ लागतं. हे मीठ डिशवॉशरचं खास जाड मीठच हवं. जेवणातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्यांनी हा भाग बिघडतो. अगदी पहिल्यांदा भरताना मिठाच्या टाकीत आधी पाणी ओता, नंतर कधी नाही. मीठ भरलं की लगेच एक फेरी चालवा, सांडलेलं खारं पाणी स्टीलला खातं. तुमच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, ते यंत्रात सेट करायचं असतं. ऑल-इन-वन टॅब्लेट वापरली तरी फार जड पाण्याला हे मीठ लागतंच.

रिन्स एड म्हणजे शेवटच्या विसळण्याच्या पाण्यात मिसळणारं द्रव. त्यामुळे पाण्याचे थेंब न राहता ते पातळ होऊन ओघळतं, म्हणून डाग पडत नाहीत आणि भांडी लवकर वाळतात. प्लॅस्टिक तरीही ओलं निघेल, कारण ते उष्णता धरून ठेवत नाही. फेरी संपली की थोड्या वेळाने दार किलकिलं करा, आणि आधी खालचा रॅक रिकामा करा. म्हणजे वरच्या कपांच्या बुडातलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडत नाही.

यंत्रात न घालायच्या गोष्टी: लाकडी पोळपाट-लाटणं, बिडाची भांडी, चांगल्या धारेच्या सुऱ्या, तांबं-पितळ. साधं अ‍ॅल्युमिनियम डिटर्जंटमधल्या अल्कलीमुळे काळवंडतं आणि ती काळसर छटा सहज जात नाही.

पेले धुरकट दिसायला लागले तर व्हिनेगरचा बोळा एका जागी फिरवून पाहा. तिथे काच स्वच्छ झाली तर क्षार आहेत: मीठ भरा, जडपणाचं सेटिंग वाढवा. काहीच फरक पडला नाही तर काचच झिजली आहे. ती पूर्ववत होत नाही, पण उरलेले पेले वाचवता येतात. त्यांना कमी तापमानाचा प्रोग्रॅम द्या, डिटर्जंट कमी घाला आणि पाणी मुळात मृदू असेल तर मिठाचं सेटिंग खाली आणा.