‘स’ आणि ‘श’मधला फरक पडद्यावर कसा दाखवायचा

‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर ध्वनीचं चित्र (स्पेक्ट्रोग्राम) काढून देतं. आवाज रेकॉर्ड झाल्यावर चित्र दिसतं, त्यामुळे ‘बोला, थांबा, बघा’ अशा लयीत सराव घ्यावा.

‘न्यू’ मेनूतून ‘रेकॉर्ड मोनो साउंड’ उघडा, नमुनादर (सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सी) ४४,१०० हर्ट्‌झ निवडा. माइक तोंडापासून १०-१५ सेंटीमीटरवर, जरा बाजूला ठेवा. अगदी समोर असला तर श्वासाचा फटका बसतो. ब्लूटूथ हेडसेटचा माइक टाळाच. तो बरेचदा वरच्या कंपनसंख्या कापतो आणि ‘स’ नेमका तिथेच असतो.

आता ‘व्ह्यू अँड एडिट’. चित्राची वरची मर्यादा मुळात ५००० हर्ट्‌झ असते, ती स्पेक्ट्रोग्राम सेटिंग्जमध्ये १०,००० करा. हे राहून गेलं तर ‘स’ फिका दिसतो आणि बरोबर उच्चारणाऱ्यालाही आपलं चुकलं असं वाटतं.

‘साल’ आणि ‘शाल’ लागोपाठ म्हणवून घ्या. ‘स’चा काळा पट्टा साधारण ४००० हर्ट्‌झच्या वर दाटतो, ‘श’चा त्याहून बराच खाली, २०००-२५०० पासून सुरू होतो. मुलांमध्ये दोन्ही वर सरकतात, म्हणून आकड्यापेक्षा त्याच मुलाच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर पाहावं.

सूर (पिच) बघायचा असेल तर त्याची मर्यादा पुरुषांसाठी ७५-३००, स्त्रियांसाठी १००-५०० हर्ट्‌झ ठेवा. सुराची निळी रेघ अचानक निम्म्यावर किंवा दुपटीवर उडाली, तर आधी कान लावून ऐका: घोगऱ्या आवाजात मोजणीच फसते.